दिवसाला दीड सिगारेट

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार. पत्रात मामाला 'तुम्ही' लिहायचं असतं, म्हणून एक कागद तसा लिहून पाहिला. वाचताना आपण दोघं पोस्टाच्या खिडकीपाशी पहिल्यांदाच भेटतोय असं वाटायला लागलं. तो कागद फाडला. 'तू'च बरा. तुझी प्रकृती कशी आहे? (हे सगळेच विचारतात आणि उत्तर न वाचता पुढे जातात. मी उत्तरासाठी थांबणार आहे.) माझी प्रकृती उत्तम. जेवण वेळेवर होतं, खोलीला खिडकी आहे, आणि खिडकीतून समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी दिसते. ती इतकी वाईट रंगवली आहे, की तू पाहिलीस तर शिडी घेऊन रस्ता ओलांडशील.

तू कोणतंही पत्र शेवटून वाचतोस हे मला माहीत आहे. वर्तमानपत्रही तू शेवटच्या पानावरून सुरू करतोस, आणि पाटी रंगवून झाली की एक डोळा मिटून शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे येतोस. मी लहानपणी कारण विचारलं होतं. तू म्हणाला होतास, "सुरुवातीला सगळेच नीट लिहितात. जागा शेवटी संपते." त्यामुळे या पत्राचा शेवट तू आधीच वाचला असणार, आणि आता मी तुला कसकसं लोणी लावलं आहे ते बघायला इकडे आला असशील. तरी रीतीप्रमाणे सांगते. मला तुझ्याशी लाल रंगाबद्दल बोलायचं आहे. फोनवर ते जमत नाही, कारण फोनवर तू मला हसवतोस आणि विचारायचं ते राहून जातं. पाकिटावर तिकीट का नाही, तेही शेवटीच कळेल.

आधी एक गैरसमज दूर करते. आई सांगते की तू गल्लीत सगळ्यांना 'भाची मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे' असं सांगतोस, आणि इस्त्रीवाल्याने तर तुझ्याजवळ त्याच्या गुडघ्याचे फोटोही आणून दिले आहेत. मामा, मी डॉक्टर नाही. मी पदवीधर आहे. आपल्या घरात माझ्याआधी कोणीच नसल्यामुळे या दोन्हींत फरक असतो हे लोकांना पटत नाही, पण तो असतो. माझं काम असं : आमच्या विभागात एक मोठी पाहणी चालू आहे. सिगारेट ओढणाऱ्या सगळ्यांनाच मूत्राशयाचा कॅन्सर होत नाही. मग कोणाला होतो, कोणाला होत नाही, आणि त्यात जन्मतः मिळालेल्या जनुकांचा हात किती, हे शोधायचं. त्यासाठी मी दारोदार जाते, चौतीस प्रश्न विचारते, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेते, एक रिकामी बाटली देते आणि दुसऱ्या दिवशी ती भरलेली परत आणते. चार वर्षं शिकून मी बाटल्या गोळा करते हे इस्त्रीवाल्याला सांगू नकोस, पण गुडघ्याचे फोटो मात्र परत कर.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून मानवजातीच्या भल्यावर एक लहानसं भाषण केलं. (पाठ केलं होतं. आरशासमोर.) ज्यांच्यापुढे केलं त्या आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आम्हाला झाडू नको, परवाच घेतला. तेव्हापासून भाषण बंद. पण खरी गंमत प्रश्न क्रमांक सातची. 'दिवसाला किती सिगारेट ओढता?' इतका सोपा प्रश्न जगात दुसरा नसेल असं मला वाटायचं. एक बसचालक म्हणाला, चार. त्याचा सहकारी शेजारीच बसला होता, तो खोकला. मग कळलं की चालक फक्त डेपोत उतरून ओढलेल्या मोजतो. गाडी चालवताना ओढलेल्या गाडीच्या खात्यात जातात. एक निवृत्त मास्तर म्हणाले, मी विद्यार्थ्यांसमोर आयुष्यात कधी ओढली नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि टेबलावरची रक्षापात्री काठोकाठ भरली होती. ती पाहुण्यांसाठी आहे म्हणाले. मी तिथे दीड तास होते, तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःचाच चार वेळा पाहुणचार केला.

आणि एक किराणावाला. चांगला आडदांड, मिशा अशा की टोकांवर लिंबं ठेवावीत. त्याची काडी आणि बाटली घेऊन मी प्रयोगशाळेत दिली, आणि पंधरवड्याने मला वर बोलावणं आलं. तपासणीप्रमाणे हा गृहस्थ बाई होता. मी शपथेवर सांगितलं की मिशा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तंत्रज्ञ म्हणाले, मिशा तुम्ही पाहिल्यात, पेशी आम्ही पाहिल्यात. परत गेले तर उलगडा झाला. मी काडी ठेवून गेले तेव्हा तो दुकानात होता, म्हणून त्याच्या बायकोने स्वतःच्या गालात फिरवून दिली होती. बाटलीही तिनेच भरली. (वर बाटली आधी भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून. साबणाचा फेस आम्हाला वेगळाच रोग वाटला होता.) मी जरा रागावले, तर ती शांतपणे म्हणाली, "अहो ताई, त्यांच्या सगळ्या कागदांवर सहीसुद्धा मीच करते."

आता तुझ्याकडे येते. आम्हाला खरं काम देण्याआधी प्रत्येकीने एक फॉर्म घरच्याच माणसावर सरावासाठी भरून आणायचा होता. त्याला क्रमांक शून्य. मी सुट्टीत आले तेव्हा तो तुझ्यावर भरला, आठवतं? तू ओसरीत ब्रश धुवत होतास आणि टर्पेंटाइनच्या वासाने मला एकदम दुसरीत असल्यासारखं वाटत होतं. सातव्या प्रश्नाला तू म्हणालास, "दीड लिही." मी विचारलं, दीड कशी? तू म्हणालास, "एक ओढतो. बाकीच्या नुसत्या पेटवतो. हातात ब्रश असला की त्या शिडीवरच जळतात, वारा ओढतो. त्यातली माझ्या वाट्याला सगळी मिळून अर्धी." मी लिहिलं. मामाने सांगितलं म्हणून पूर्ण विश्वासाने, सुवाच्य अक्षरात लिहिलं : १.५.

आमच्या प्रमुख बाईंनी तो फॉर्म सगळ्यांसमोर वाचला. त्या मोठ्याने हसत नाहीत, चष्मा काढून पुसतात, तेच हसणं. मी उभी राहून म्हणाले, की माझा मामा खोटं बोलत नाही. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "माणसं खोटं बोलत नाहीत गं. मोजत नाहीत." आणि म्हणाल्या, तुला एवढी खात्री असेल तर तूच मोज.

मामा, मी मोजलं. रविवारी दुपारी वही घेऊन बसले, आणि मोजता येणं मला तुझ्याचमुळे शक्य झालं, हे आधी कबूल करते. आई कामावरून येईपर्यंत माझी शाळेनंतरची जागा तुझ्या शिडीखाली असायची. तू थोटकं टाकून द्यायचा नाहीस. शिडीच्या खालच्या पायरीवर ओळीने उभी करायचास, कारण तुझं घड्याळ तेच होतं : अस्तर वाळायला दोन सिगारेटी, पिवळ्यावर काळा चढवायला एक, सोनेरी असेल तर तीन आणि वर थोडा धीर. मी आकडे शिकले ते त्या थोटकांवर. वजाबाकीही तिथेच शिकले, वाऱ्याने एखादं पाडलं की, आणि मोठ्याने हिशेब सांगायचे म्हणून तू मला 'मास्तरीण' म्हणायला लागलास. गिऱ्हाइकाने विचारलं, किती वेळ लागेल, तर तू पाटीकडे एक डोळा मिटून बघायचास आणि म्हणायचास, चारचं काम आहे. गिऱ्हाईक चार वाजता यायचं आणि तुझ्यावर चिडायचं.

मला सगळं आठवलं. औषधवाल्याची पाटी, चार. दातांच्या डॉक्टरची दाढ, पाच (तीन मुळांची काढलीस, डॉक्टर म्हणाला खालच्या दाढेला दोनच असतात, तू म्हणालास लांबून दोनच दिसतील). शिंप्याची कात्री तीनची होती, पण एका बाजूची कडी मोठी झाली, ती पुसून पुन्हा काढण्यात चौथी आणि मनस्तापाची पाचवी. माझ्या शाळेची पाटी नऊ. ती तू दोन दिवस रंगवत होतास, आणि मी वर्गात मान ताठ करून बसले होते, कारण बाहेर शाळेला नाव देणारा माणूस माझा मामा होता. हेडमास्तर बाई तुला म्हणाल्या, अक्षर फार सुरेख आहे, कुठपर्यंत शिकलात? तू रेघा आखायची खडूची दोरी गुंडाळत म्हणालास, तुमच्या फाटकापर्यंत. सगळे हसले. तूही. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं वाटलं होतं. पदवी घेताना, नावाचा पुकारा झाला तेव्हा, मला ते फाटक आठवलं आणि मी चालत जाऊन भलत्याच गृहस्थांशी हस्तांदोलन केलं.

तर मला आठवलेल्या एकोणीस दिवसांची, दिवसभरातल्या सगळ्या पाट्या आणि मधल्या चहाबरोबरच्या धरून, सरासरी निघाली बारा. अडतीस वर्षं धरली. एक लाख सहासष्ट हजार चारशे चाळीस. (लीप वर्षाचे जादा दिवस तुला माफ.) त्यातल्या अर्ध्या खरंच वाऱ्याने ओढल्या असं मान्य केलं, तरी त्र्याऐंशी हजारांच्या वर उरतात. दीडने एवढ्या ओढायच्या तर तुला दीडशे वर्षं लागली असती. तू साठीचा आहेस. मी उत्तर तीनदा तपासलं, शेवटून सुरुवातीकडेसुद्धा.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. आपल्या रक्तात धूर पचतो, तुझे आजोबा एक्याण्णव वर्षं जगले आणि शेवटच्या दिवशीही ओढत होते. हे मी बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यांना भाऊ होते का? दोन होते. दोघेही ओढायचे. त्यांच्या गोष्टी घरात कोणी सांगत नाही, कारण गोष्टी होण्याइतके ते जगलेच नाहीत. मला हे बावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

पचण्याचं शास्त्र मी तुला माझ्या परीने सांगते. धुरातून काही विषारी माल रक्तात उतरतो. यकृतात एक कारकून बसलेला असतो, त्याने प्रत्येक नगावर शिक्का मारला की तो माल बराचसा निरुपद्रवी होतो. काही लोकांचा कारकून जन्मतःच चटपटीत असतो. काहींचा आपल्या जुन्या पोस्टमास्तरांसारखा : आधी पान उलटणार, मग चष्मा शोधणार, मग 'उद्या या'. शिक्का न बसलेला माल मूत्राशयात जाऊन बसतो आणि आतल्या भिंतीला लागत राहतो. (आणि तू शिडीवरून उतरायचा कंटाळा म्हणून तासन्‌तास जायचं टाळतोस. त्याला तिथे मुक्कामच करायला मिळतो. तुझ्या जुन्या रंगांच्या डब्यांतही याच जातीचा काही माल असू शकतो, तो निराळा.) हा कारकून चटपटीत की मंद, हे जनुकावरून ठरतं. आई आणि वडील दोघांकडून एकेक मंद प्रत आली तर माणूस मंद गटात.

यंत्र नीट चालतंय का ते बघायला आम्ही कर्मचाऱ्यांनी आमच्याच काड्या दिल्या होत्या. किराणावाल्यासारखा घोळ सोडला तर इतरांचे निकाल आम्हाला कोणाचे ते कळत नाहीत, पण स्वतःचा विचारता येतो. मी विचारला. मी मंद. म्हणजे मंदपणाची एक प्रत मला आईकडून आली, आणि आई तुझी सख्खी बहीण. तुझ्यात ती असेलच असं नाही. असेल, नसेल, एक असेल, दोन असतील. मला माहीत नाही आणि काडी घेतल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. मी मात्र दोन दिवस सुतकी चेहरा करून फिरत होते. शेवटी बाईंनी मला बसवून सांगितलं, की अर्धं जग मंद गटात असतं आणि बहुतेकांना काही होत नाही. कारकून बदलता येत नाही, पण चटपटीत कारकुनासमोरही रोज बारा गाड्या माल आणून ओतला तर तोही हात टेकतो. मग गाड्याच थांबवायच्या. एवढं साधं आहे, म्हणाल्या. साधं आहे म्हणजे सोपं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत.

आणि आता लाल रंग. गेल्या रविवारी आई फोनवर हसत हसत सांगत होती, की तू सरबताच्या दुकानाची भलीमोठी लाल पाटी करतो आहेस आणि अंगणात, टॉवेलवर, दाराच्या कडीवर सगळीकडे लाल झालंय. दोनदा म्हणे लघवीलाही लाल झाली, तर तू म्हणालास, बघा, रंग आता रक्तात भिनला. दुखत वगैरे काही नाही. मी हसले, मामा. चांगली मोठ्याने हसले. फोन ठेवला, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या, आणि तिसऱ्या बाटलीला माझे हात थांबले.

कारण प्रश्न क्रमांक एकतीस तोच आहे. 'न दुखता लघवीतून कधी लाल गेलं आहे का?' आतापर्यंत दोनशे सोळा घरांत मी तो विचारला आहे. आम्हाला शिकवलंय की कोणी 'हो' म्हणालं की तिथे थट्टा बंद. कारण साधंही असू शकतं, बऱ्याचदा असतंही, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं, आपण नाही. चिठ्ठी द्यायची आणि माणूस जाईपर्यंत पाठ सोडायची नाही. अकरा जणांना मी चिठ्ठी दिली. सगळ्यांच्या मागे लागले, एकाला तर हाताला धरून नेलं. आणि स्वतःच्या मामाला हसले. रंग कातडीतून शिरून त्या वाटेने बाहेर पडत नाही, मामा. तुला अडतीस वर्षांत हिरवी झाली नाही, निळी झाली नाही. मी सुट्टीत हाच प्रश्न तुला विचारला होता. तू 'नाही' म्हणालास, भिंतीकडे बघितलंस आणि काडी पेटवलीस. दीडमधली ती कितवी होती?

मला रागवायचं नाही. भीती वाटली की मी आकडेमोड करते, एवढंच. माझ्या हाती पुस्तकं उशिरा आली. त्याआधी वाचायला फक्त तुझ्या पाट्या होत्या. त्यातली अक्षरं मी बोटाने गिरवायचे आणि ओला रंग लागला की तू माझं बोट टर्पेंटाइनने पुसायचास. तो वास आणि तुझ्या सिगारेटचा वास मला आजही वेगळे करता येत नाहीत. जिन्यात कोणी ओढत असेल तर मी नाक मुरडायला हवं, माझं कामच ते आहे; पण आधी क्षणभर मला घरी आल्यासारखं वाटतं. हे मी बाईंना सांगितलेलं नाही.

आईला नमस्कार. इस्त्रीवाल्याच्या गुडघ्याला शुभेच्छा.

तुझी,
मास्तरीण

ता. क. मंगळवारी सकाळी दहा वाजता मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलं आहे. आधी बाटली, मग एक बारीक नळी घालून कॅमेऱ्यातून आत बघतात. मी चौकशी केली, लाजिरवाणं आहे पण भयंकर नाही. तुझ्या मापात सांगायचं तर दोनचं काम आहे. ओढायच्या मात्र नाहीत.

ता. क. २. बाटली साबणाने घासू नकोस. आणि आईला भरू देऊ नकोस. ती भरेल.

ता. क. ३. तिकीट नाही, कारण हे पत्र मी टाकलेलं नाही, आणलं आहे. तू वाचत असताना मी आत आईबरोबर भाजी निवडत बसले आहे आणि ती निवडून केव्हाच संपली आहे. समोरासमोर सांगायला गेले असते तर तू एक विनोद केला असतास आणि मी पुन्हा हसले असते. फॉर्म शून्य आणि खोडरबर पाकिटातच आहे. सात आणि एकतीस तू तुझ्या हाताने दुरुस्त कर. तू बोलावल्याशिवाय मी बाहेर येणार नाही.

ता. क. ४. माळ्यावर माझ्या नावाची एक पाटी आहे, नावापुढे पदवी, नुसती पेन्सिलीत. मला ती केव्हाच सापडली होती, मी न पाहिल्यासारखं केलं. सातचं काम आहे असं तू आईला म्हणाला होतास. मला ती शून्याची हवी आहे. कितीही दिवस लागू देत.